एकशे त्रेचाळीस मीटरवरचा शनी

आमच्या शाळेत सूर्यमाला कुलपात असे. हेडमास्तरांच्या खोलीत काचेचं कपाट होतं, त्यात वरच्या खणात पत्र्याची सूर्यमाला. मधे पिवळा चेंडू, भोवती तारांवर नऊ गोळे, खाली दांडा. दांडा फिरवला की नऊही ग्रह एकाच वेगाने सूर्याभोवती फिरत आणि कुरकुरत. ती बाहेर काढण्याचे प्रसंग वर्षातून दोन. दसऱ्याला पूजेसाठी, आणि शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले की दाखवण्यासाठी. मुलांनी पाहिली नाही तर ती मोडणार नाही, असा शैक्षणिक विचार त्यामागे होता.

सर आमच्या शाळेत आले तेव्हा मी आठवीत होतो. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. गणित आणि विज्ञान हे त्यांचे विषय. हेडमास्तरांनी मोठ्या मनाने कपाट उघडून सूर्यमाला त्यांच्या हाती दिली. सरांनी ती वर्गात आणली, खिशातून पट्टी काढली, मधला चेंडू मोजला, पृथ्वीचा गोळा मोजला, दोघांतलं अंतर मोजलं आणि आम्हाला सांगितलं की ही सूर्यमाला नाही, हा जत्रेतला पाळणा आहे. मग ती परत नेऊन कपाटात ठेवली आणि कुलूप स्वतः लावलं. हेडमास्तर पुढे बरेच दिवस त्यांच्याशी बोलत नव्हते. सरांच्या ते लक्षात आलं नाही.

दुसरा नंबर पाठ्यपुस्तकाचा लागला. त्यात सूर्यमालेचं चित्र होतं, अर्ध्या पानात नऊ ग्रह बसवलेलं. सरांनी सगळ्या वर्गाला त्या चित्राखाली पेनने लिहायला लावलं, ‘हे चित्र खोटे आहे.’ सहामाहीच्या पेपरात नेमका प्रश्न आला, सूर्यमालेची आकृती काढा, गुण पाच. आमच्या तुकडीतल्या बहुतेक मुलांनी उत्तर लिहिलं, ‘कागद अपुरा आहे.’ पेपर दुसऱ्या शिक्षकांकडे तपासायला गेले होते. त्यांनी भोपळे दिले. पालक शाळेत आले. सरांनी त्यांना शांतपणे समजावलं की उत्तर बरोबर आहे, गुण चुकलेत. पालकांना मार्कांचा कागद हवा होता, सत्य नको होतं, हेही सरांच्या लक्षात आलं नाही.

सरांना गुरू सूर्यापासून किती लांब आहे हे झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. माणसाशी किती लांबून बोलावं याचा मात्र त्यांना अंदाज नव्हता. ते एकदम जवळ येऊन बोलत आणि समोरचा मागे सरकला की तेवढंच पुढे सरकत. शाळेच्या व्हरांड्याच्या एका टोकाला सुरू झालेलं बोलणं दुसऱ्या टोकाला संपे.

‘प्रमाणात बोला,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कोणी ‘लय पाऊस पडलो’ म्हटलं की किती, हा प्रश्न येई. बाजारात मासेवालीने ‘मोठो सरंगो आसा मास्तर, घेवा’ म्हटलं की सर पट्टी काढत. आधी मासेवाल्या हसल्या, मग चिडल्या, शेवटी त्यांनी सरांना दुरून पाहिलं की टोपलीवर फडकं टाकायला सुरुवात केली. त्यामुळे सर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहून आठवड्यातले पाच दिवस डाळभात खात. खोली भाड्याची, एका माणसाची. बायको आणि मुलगी वेंगुर्ल्याला. दर शनिवारी अर्धा दिवस शाळा सुटली की सर एसटीने वेंगुर्ल्याला जात आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत येत.

बिऱ्हाड इकडे न आणण्याचं कारण साधं होतं. सर तात्पुरते होते. दोन वर्षं झाली की संस्थेची कमिटी ठरवणार, कायम करायचं की नारळ द्यायचा. दुसऱ्या वर्षी मुलगी चौथीत होती. पाचवीला तिला आमच्याच शाळेत घालायचं असं सरांनी ठरवलं होतं आणि ते भेटेल त्याला सांगत. कायम झालो की बिऱ्हाड आणतो. या एका वाक्यात मात्र ते कधी आकडा घालत नसत.

हे मला माहीत असायचं कारण म्हणजे माझे वडील त्याच शाळेत क्लार्क होते. कमिटीच्या सभांचं टिपण तेच करत आणि घरी जेवताना आईला सांगत. मी पुढे आयुष्यभर आकड्यांच्याच नोकरीत राहिलो, तेव्हा या लिखाणातले आकडे तपासून दिलेले आहेत. बाकीच्या गोष्टींची हमी वडिलांची.

कमिटी म्हणजे अध्यक्ष. बाकीचे सभासद चहाला येत. अध्यक्ष नारळाचे व्यापारी, साठी ओलांडलेले, गावात वजन असलेले. शाळेला बाकं त्यांनी दिली होती आणि प्रत्येक बाकावर स्वतःचं नाव घालून घेतलं होतं, त्यामुळे आम्ही रोज त्यांच्यावर बसत होतो. त्यांचं घर शाळेकडून समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आणि त्यांच्या घराला लागून, दगडी गडग्यापलीकडे आमचं.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर सरांनी जाहीर केलं की आता आपण खरी सूर्यमाला करू. प्रमाण ठरलं, एक सेंटिमीटर म्हणजे एक लाख किलोमीटर. या हिशोबाने सूर्य चौदा सेंटिमीटरचा येतो. चौदा सेंटिमीटरची गोल वस्तू आमच्याकडे एकच, आणि ती कुठे मिळते हे सांगायला नको.

सर सुतळी घेऊन अध्यक्षांच्या वखारीत गेले. आम्ही पाचसहा जण बरोबर होतो. सर एकेक नारळ उचलत, पोटाला सुतळी लावत आणि खाली ठेवत. सोललेले सगळे लहान निघाले. मग अर्धवट सोललेल्यांचा ढीग काढला. अध्यक्ष गादीवरून बघत होते. त्यांनी कौतुकाने विचारलं, देवाला पाहिजे का, म्हणून एवढा निवडून घेताय. सर म्हणाले, नाही, सूर्याला. अध्यक्षांना वाटलं सरांचं काही सूर्याचं व्रत असेल. त्यांनी नारळाचे पैसे घेतले नाहीत. पुढे त्यांना याचा फार पश्चात्ताप झाला.

बाकीचं सामान स्वयंपाकघरातलं. पृथ्वी आणि शुक्र म्हणजे मोहरीचे बारीक दाणे. बुध आणि मंगळ खसखशीचे, तेही सरांच्या मते जरा फुगलेले. गुरू म्हणजे लहानात लहान सागरगोटा. शनी काचेची काळी गोटी, तिच्याभोवती पोस्टकार्डाची कापलेली चकती. युरेनस आणि नेपच्यून मिरी. प्लूटो वाळूचा एक कण, कापडातून गाळून काढलेला.

नारळ शाळेच्या पटांगणाच्या कडेला एका चिऱ्यावर ठेवला. तिथून समुद्राकडे सरळ दोर. पंधरा मीटरवर बांबूची खुंटी, तिच्यावर लाखेने चिकटवलेली पृथ्वी. गुरू अठ्ठ्याहत्तर मीटरवर, रेशनच्या दुकानासमोर. युरेनस मासे सुकवायच्या खळ्यापाशी. नेपच्यून साडेचारशे मीटरवर, भरतीच्या रेषेवर, म्हणजे तो दिवसातून दोनदा नवा बसवावा लागे. प्लूटोची स्थापना सगळ्यांत सोपी झाली. सरांनी वाळूचा कण वाळूत ठेवला आणि म्हणाले, तो तिथे आहे.

इथे एक भानगड होती. पुस्तकात प्लूटो शेवटचा. सर म्हणाले, सरासरीने शेवटचा, पण त्याची वाट लांबट आहे आणि सध्या तो नेपच्यूनच्या अलीकडे आलाय, या शतकाच्या अखेरीपर्यंत तसाच राहणार. म्हणून त्यांनी प्लूटो नेपच्यूनपेक्षा पाचसहा मीटर अलीकडे ठेवला. वाळूचा कण सहा मीटर इकडे की तिकडे, यावरून सरांनी भूगोलाच्या शिक्षकांशी एक आख्खी मधली सुट्टी वाद घातला. एका मुलाने विचारलं, सर, सगळ्यांत जवळचा दुसरा तारा खंय? सर म्हणाले, असाच एक नारळ, चार हजार किलोमीटरवर. आम्ही समुद्राकडे बघत राहिलो. त्या दिशेला आफ्रिका आहे असं भूगोलाचे शिक्षक म्हणाले आणि त्यावर प्रथमच दोघांचं एकमत झालं.

राहिला शनी. एकशे त्रेचाळीस मीटर. रस्ता तिथे जरा वळतो. सूर्यमाला वळत नाही. दोर सरळ गेला तो अध्यक्षांच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, तुळशीवृंदावनापासून दोन हातांवर.

अध्यक्ष त्या दिवशी कुडाळच्या बाजाराला गेले होते. घरात त्यांची म्हातारी आई. दोर, खुंट्या आणि पट्टी घेतलेला माणूस पाहून तिला वाटलं सरकारी मोजणी आली. तिने सरांना चहा दिला आणि जमिनीची हद्द जरा आमच्या बाजूने धरा म्हणून विनवलं. सर म्हणाले, हद्द माझ्या हातात नाही. ती आणखीच आदराने वागू लागली. अशा प्रकारे अध्यक्षांच्या खळ्यात शनीची खुंटी बसली.

पुढचा भाग माझ्या वाट्याला आला. सरांनी सांगितलं की या प्रमाणात प्रकाश सेकंदाला तीन सेंटिमीटर चालतो, मुंगीसारखा. ते दाखवायला वर्गातला सगळ्यांत संथ मुलगा हवा होता. एकमताने माझी निवड झाली. मी नारळापासून निघालो. शेजारी एक मुलगा सरांचं घड्याळ घेऊन. पृथ्वीवर पोचायला आठ मिनिटं वीस सेकंद लागली, टाळ्या पडल्या. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा मी गुरूच्याही अलीकडे होतो. मी थांबलो, तर सर म्हणाले, प्रकाश घंटा ऐकत नाही. पोरं वर्गात गेली, घड्याळवालाही गेला, मी एकटाच रस्त्याने तीन तीन सेंटिमीटर सरकत होतो. वाटेत भेटणारे माझी तब्येत विचारत होते.

अध्यक्षांच्या खळ्यात शिरलो तेव्हा म्हातारी सुपारी कातरत बसली होती.

‘काय रे, पायाक काय झाला तुझ्या?’

‘काय नाय. मी प्रकाश आसंय.’

‘आणि चललस खंय?’

मी खुंटीवरच्या काळ्या गोटीकडे बोट केलं. ‘शनीकडे.’

बातमी अशी प्रकाशाच्या वेगाने अध्यक्षांच्या घरी पोचली. एकोणऐंशी मिनिटं लागली.

त्यानंतर गावात जे झालं ते सरांना सोडून कोणालाही आधी सांगता आलं असतं. सर वेंगुर्ल्याचे, म्हणजे परके नव्हेत. चिऱ्यावर शेंडी ठेवून उभा केलेला नारळ, वाटेवर मोजून ठेवलेली मोहरी, मिरी, खसखस आणि टोकाला काळी गोटी, याचा आमच्याकडे काय अर्थ होतो हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. ते म्हणत, नारळ हा नारळ आहे. गाव म्हणे, तेच तर.

पहिल्या दोन दिवसांत नारळावर कुंकू आलं. मग अबोलीचा वळेसार. मग उदबत्ती. रेशनच्या दुकानापुढची रांग गुरूला वळसा घालून उभी राहू लागली. मासे सुकवणाऱ्या बायकांनी युरेनसच्या बाजूचं अर्धं खळं मोकळं सोडलं. समुद्रावर जाणाऱ्या मंडळींनी वाटच बदलली, ते लांबच्या पाणंदीने जात आणि रोज उशीर झाला म्हणून शाळेला शिव्या देत. सर रोज सकाळी ओला रुमाल घेऊन येत, नारळावरचं कुंकू पुसत आणि म्हणत, व्यास बदलतो.

अध्यक्षांकडे तर खुद्द शनी मुक्कामाला. म्हातारीने पहिल्याच शनिवारी गोटीवर तेल घातलं. पोस्टकार्डाची चकती तेल पिऊन गळून पडली. सरांनी सोमवारी येऊन नवी लावली. पुढच्या शनिवारी पुन्हा तेल. त्याच सुमारास अध्यक्षांची म्हैस आटली, एका ट्रकचा माल वाटेत भिजला आणि जावयाने नवी मागणी केली. यातली एकही गोष्ट त्यांच्याकडे नवीन नव्हती, पण आता तिला कारण मिळालं.

एका संध्याकाळी अध्यक्ष शाळेत आले. वडील तिथेच टाईपरायटरवर बसले होते, त्यामुळे हे संभाषण मला जसंच्या तसं माहीत आहे. अध्यक्षांनी आधी शुद्ध मराठीत सरांच्या कामाची स्तुती केली. मग म्हणाले, तेवढा शनी दहा मीटर अलीकडे घेता आला तर बरं. म्हणजे रस्त्यावर येईल.

सर म्हणाले, ‘अलीकडे घेता येणार नाही. एकशे त्रेचाळीस आहे.’

‘मग पलीकडे घ्या.’

‘पलीकडेही घेता येणार नाही.’

‘दहा मीटर म्हणजे काय मोठंसं, सर.’

‘दहा मीटर म्हणजे दहा कोटी किलोमीटर,’ सर त्यांच्या अगदी जवळ जात म्हणाले.

अध्यक्ष मागे सरकले, भिंतीला लागले, आणि त्यांचं शुद्ध मराठी संपलं. ‘मास्तर, माझ्या खळ्यात शनी, आणि तुमची फाईल माझ्या टेबलार. इचार करा.’

विचार वडिलांनी केला. सर निघाल्यावर ते त्यांच्या मागे रस्त्यापर्यंत गेले आणि समजावत राहिले. मार्चमध्ये सभा आहे. मुलीची शाळा आहे. एका गोटीसाठी कोणी नोकरी घालवतं का. सर ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, ‘मी नववीच्या पोरांना सांगितलंय की हे प्रमाणात आहे. आता अध्यक्षांना भीती वाटते म्हणून शनी हलला, तर ती पोरं पुढे कशावर विश्वास ठेवतील?’ घरी येऊन वडील आईला म्हणाले, माणूस शंभर टक्के शहाणो आसा, तेचा काय खरा नाय.

जानेवारीच्या शेवटी गावाने ठरवलं की हे निस्तरायला गाऱ्हाणं घालायचं. आमच्याकडे जे काम कमिटी, तलाठी आणि पोलीस यांच्याकडून होत नाही ते गाऱ्हाण्याने होतं. देवाला सगळी हकीगत मोठ्याने सांगायची, चूकभूल पदरात घे म्हणायचं, आणि गावाने दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साक्ष द्यायची. गाऱ्हाणं घालणारे मानकरी सत्तरीचे, आवाज असा की समुद्रावर ऐकू जाई. त्यांची अट एकच, की ज्याच्यासाठी गाऱ्हाणं तो माणूस समोर उभा पाहिजे.

सर येणार नाहीत असं सगळ्यांना वाटलं होतं. सर आले. त्यांचीही अट एकच होती. देवाला सांगायचं ते बरोबर सांगा. आकडे चुकता कामा नयेत. मानकऱ्यांनी ते मनावर घेतलं. ते सरांना घेऊन पायरीवर बसले आणि सगळे ग्रह अंतरांसकट वदवून घेतले. वर्गात वर्षभर कोणी एवढं लक्ष दिलं नव्हतं. सर खूश दिसत होते.

रविवारी सकाळी पटांगणात गाव जमला. सर त्या आठवड्यात वेंगुर्ल्याला गेले नव्हते. अध्यक्ष टोपी काढून पुढे उभे. मानकऱ्यांनी सूर्य दोन्ही हातांत घेतला, डोळे मिटले आणि सुरुवात केली.

‘बा देवा म्हाराजा…’

‘व्हय म्हाराजा.’

‘ह्या शाळेच्या मास्तरान नारळ चिऱ्यार ठेवलो, तेका सूर्य म्हटल्यान, तेच्यात तेचो काय वायट हेतू नाय रे म्हाराजा…’

‘व्हय म्हाराजा.’

‘पंधरा मीटरार मोहरीची पृथ्वी केल्यान… अठ्ठ्याहत्तर मीटरार गुरू बसयल्यान… एकशे त्रेचाळीस मीटरार शनी उभो केल्यान, तेची वाकडी नजर कोणार पडू नको रे म्हाराजा…’

‘व्हय म्हाराजा.’ यात अध्यक्षांचा आवाज सगळ्यांच्या वर.

‘साडेचारशे मीटरार नेपच्यून ठेवल्यान, आणि तेच्या पलीकडे प्लूटो…’

‘अलीकडे,’ सर म्हणाले.

गाऱ्हाण्यात मधे कोणी बोलत नाही. बोलल्याचं कोणाला आठवतही नव्हतं. वडिलांनी डोळे मिटून घेतले. आईने माझा दंड धरला.

‘सध्या अलीकडे,’ सर म्हणाले.

मानकऱ्यांनी डोळे उघडले नाहीत. एक श्वास घेतला. ‘…आणि सध्या तेच्या अलीकडे प्लूटो ठेवल्यान रे म्हाराजा…’

‘व्हय म्हाराजा,’ गाव म्हणाला. भूगोलाचे शिक्षकही म्हणाले.

मग शेवट आला. शेवटाचे शब्द मानकऱ्यांचे वर्षानुवर्षांचे ठरलेले. समोर उभा असेल त्याचं बरं मागायचं. गाडी घेतली असो, लग्न ठरलं असो, त्यात फरक नाही. ते सवयीने म्हणाले, ‘तर ह्या मास्तराक, तेच्या बायल-पोरांक, ह्याच गावात आणि ह्याच शाळेत सुखान ठेव, खंय जावची पाळी तेच्यार हाडू नको रे म्हाराजा.’

‘व्हय म्हाराजा,’ सगळा गाव म्हणाला. अध्यक्ष सगळ्यांत मोठ्याने म्हणाले आणि म्हणून झाल्यावर काय म्हटलं ते त्यांना कळलं.

मानकऱ्यांनी सूर्य चिऱ्यावर आपटला, पाणी शिंपडलं, खोबऱ्याचे तुकडे वाटले. आम्ही सूर्य खाल्ला. सर दुसऱ्या दिवशी नवा नारळ शोधायला सुतळी घेऊन निघाले.

मार्चच्या सभेआधी सरांना काढायचा कागद तयार होता. वडिलांनीच टाईप केला होता. पण तो पुढे करायची वेळ आली की अध्यक्ष पाणी मागत. देवासमोर टोपी काढून, गावाच्या साक्षीने, हा माणूस इथेच राहू दे म्हटलेलं. आता काढायचं तर खोटं कोण ठरणार? दुसरीकडे, कायम करायचं तर शनीही कायम. म्हातारी म्हणत होती, शनी जाईपर्यंत मी लेकीकडे जाऊन राहते. शेवटी वडिलांनी दुसरा कागद टाईप केला, कायम करण्याचा, आणि अध्यक्ष एका संध्याकाळी सरांना घरी बोलवून खळ्यात खुर्ची टाकून बसले. कागद मांडीवर, पेन हातात, टोपण लावलेलं. मी आणि वडील गडग्याच्या आमच्या बाजूला उभे होतो. वडिलांना बोलावलं होतं, मला नाही.

अध्यक्षांचा सूर त्या दिवशी पडलेला होता. ‘सर, आये घर सोडून चलली. तुमची पोरगी आणा हय, मी आडवो येणंय नाय. पण ह्या काय ता करा. अलीकडे नाय, पलीकडे नाय, मगे माणसान करूचा काय? बाजूक तरी सरकवा.’

‘बाजूला?’ सर म्हणाले. ‘बाजूला कुठेही ठेवा.’

अध्यक्षांनी त्यांच्याकडे पाहिलं. वडिलांनीही पाहिलं.

सर सांगू लागले, की ग्रह सूर्याभोवती फिरतात. नारळापासून एकशे त्रेचाळीस मीटर एवढंच कायम. त्या वर्तुळावर शनी कुठेही असला तरी प्रमाण तेच. सगळे एका ओळीत असले पाहिजेत असं मी कधीच म्हटलं नव्हतं, दोर सरळ होता म्हणून ओळीत ठेवले. उलट तो हलायलाच हवा, वर्षाला तीस मीटर.

‘मगे ह्या आधी कित्याक सांगलास नाय?’ वडिलांनी गडग्यावरून विचारलं. माझ्या आठवणीत त्यांचा आवाज तेवढा एकदाच चढला.

‘मला अलीकडे-पलीकडे विचारलं,’ सर म्हणाले. ‘बाजूला कोणी विचारलंच नाही.’

सरांनी खुंटी उपटली. दोर मागवला. ग्रह कुठल्या दिशेने फिरतात ते ठरलेलं असतं, त्यात अध्यक्षांची मर्जी चालत नाही. सर तीस मीटर मोजत दक्षिणेकडे निघाले, गडगा ओलांडला आणि आमच्या खळ्यात, आईने वाळत घातलेल्या कोकमाच्या सोलांच्या शेजारी खुंटी ठोकली. दोर ताणून पाहिला. बरोबर भरला.

अध्यक्षांनी आमच्याकडे एक नजर टाकली. शाळेचा क्लार्क कमिटीच्या अध्यक्षाला काय बोलणार. वडील म्हणाले, ऱ्हवांदे.

पण अध्यक्ष व्यापारी माणूस. टोपण अजून काढलं नव्हतं. त्यांनी विचारलं, ‘आणि फिरत फिरत परत माझ्याकडे कधी येतलो?’

‘साडेएकोणतीस वर्षांनी,’ सर म्हणाले.

अध्यक्षांनी स्वतःचं वय धरून बोटांवर मोजलं. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. मग खुर्चीत नीट बसले आणि पेनाचं टोपण काढलं.

‘मगे चलात,’ ते म्हणाले, आणि सही केली.